पेढ्यांच्या पुड्याचा दोरा

डॉक्टर, माझ्या बीजांडांबद्दल तुम्ही सगळं माझ्या नवऱ्याला सांगितलंत. मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

कुणीतरी आणलेल्या पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सोडून तुम्ही पेनाला गुंडाळलात. "हा डीएनए समजा. तो सुटू नये म्हणून बीजांडातलं एक खास प्रथिन त्याला गाठ मारतं. हिच्यात तेच कमी पडतंय, म्हणून बीजांड पिकत नाही."

"म्हणजे दोष हिचाच," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेढा उचलला.

"माझ्या दोऱ्याचं काय?" नवऱ्याने विचारलं.

"तोही शुक्राणूबरोबर बीजांडात गेला की बाईच्याच प्रथिनाने बांधला जातो."

"मग दुसऱ्या बाईचं बीजांड घेऊ," नवरा म्हणाला. तुम्ही लगेच सोमवारची तारीख दिलीत.

डॉक्टर, पोट माझं आहे. मला विचारायची तारीख कोणती?