पाचपैकी पाच

कॉलेजच्या पाण्याच्या टाकीवरून पडून शिपाई चन्नाप्पा गेले, त्याला चार महिने झाले. त्यांचा मोबाईल त्यांची बायको रत्नव्वा अजून रोज चार्ज करते. इतक्या दिवसांत कॉलेजातून कुणी चौकशीला फोन केला नव्हता. आज खुद्द हेडक्लार्कचा आला.

"वैनी, या मोबाईलवर आत्ताच एक ओटीपी आलाय बघा. तेवढा सांगा की."

"कशाचा?"

"कर्मचाऱ्यांचा सर्व्हे हाय. 'नोकरीसाठी उत्तम कॉलेज' म्हणून पुरस्कार मिळायलाय आपल्याला. एकच माणूस कमी पडतोय, आणि चन्नाप्पांचं नाव अजून यादीत हाय. उत्तरं मी भरलीत. तुमास्नी काय तरास न्हाई."

"काय भरलंय त्यांच्या नावानं?"

"'इथं काम करताना मला सुरक्षित वाटतं.' पाचपैकी पाच दिलेत."

 रत्नव्वानं ट्रंक उघडली, चष्मा लावला आणि एकेक आकडा ठासून सांगितला, "दोन. एक. चार. सहा."

"चुकीचा दाखवतंय वो. जरा नीट बघून सांगा."

"नीटच सांगितलाय."

"मग ह्यो ओटीपी चालंना कसा?"



"त्यो ओटीपी न्हवं, सायेब. तुमच्याच सहीच्या पत्राचा जावक नंबर हाय. त्यात तुमीच लिवलंय, 'मयत चन्नाप्पा हे आमच्या कॉलेजचे कर्मचारी कधीच नव्हते.'"