बसण्यास अयोग्य

रघुवीर परबांनी पहिल्या नमुन्यावर बैठक मारली आणि ते सावकाश खाली घसरले.

"बसता येतं," लेंगा झटकत ते म्हणाले.

"काका, पंचेचाळीस अंशाचा उतार आहे," कंत्राटदार हितेंद्र म्हणाला. "वर पॉलिश केलेला ग्रॅनाइट. कावळा बसत नाय ह्याच्यावर."

"कावळ्याचं मला सांगू नकोस. त्याला घाई असते."

सोसायटीची सेक्रेटरी नम्रता हातातल्या पॅडवर लिहून घेत होती. तिने लिहिलं, 'नमुना एक. बसता येते.' मग परबांकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या ओळीवर आली.

करी रोडच्या त्या बत्तीस मजली सोसायटीचा ठराव साधा होता. बागेची रस्त्यालगतची जुनी, गुडघाभर उंचीची भिंत तीन आठवड्यांपूर्वी पाडली होती, कारण तिच्यावर लोक बसत. नवी भिंतही तेवढीच बुटकी हवी, कारण बाग रस्त्यावरून दिसली पाहिजे. फक्त तिच्यावर बसता येता कामा नये. हितेंद्रने जुन्या भिंतीच्या जागीच सहा-सहा फुटांचे तीन नमुने बांधून ठेवले होते. ते तपासणार कोण, यावर मीटिंगमध्ये पाऊण तास गेला. शेवटी परबकाकांचं नाव निघालं. त्या भिंतीवर अकरा वर्षं रोज संध्याकाळी बसलेला दुसरा सभासद नव्हता. ज्येष्ठांच्या अनुभवाचा सोसायटीला उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ.

"काय रे रघ्या, पास झालंस की नाय?"

रस्त्याच्या बाजूने, बांधकामाच्या हिरव्या जाळीआडून दगडूचा आवाज आला. दगडू घोडपदेवहून चालत यायचा. परबांच्या घरी जायचं तर गेटवर नाव, नंबर, फोटो, कोणाकडे, कशासाठी. यातल्या 'कशासाठी'चं उत्तर त्याला सापडत नसे. म्हणून दोघांचं बसणं भिंतीवर. ती पाडल्यापासून तो जाळीबाहेर दहा मिनिटं उभा राही, गुडघा चोळी आणि परत फिरे. काल पाचच मिनिटं थांबला. जाताना 'उद्या येतंय' म्हणाला नाही, 'बघूया' म्हणाला.

"परीक्षा चालू आहे. गप उभा राहा," परब म्हणाले.

"उभोच आसंय. दुसरा काय करतलंय?"

दुसरा नमुना विटांचा होता. वर लोखंडी भाले, वीतभर उंच, टोकांना सोनेरी रंग. परबांनी त्याला प्रदक्षिणा घातली. मग दोन भाल्यांच्या मधल्या जागेत एक पाय ठेवला, त्या गुडघ्यावर कोपर टेकलं आणि डोळे मिटले.

"ह्याच्यावर नाही ना बसता येत?" नम्रताने विचारलं.

"टेकता येतं."

"काका, प्रश्न बसण्याचा आहे."

"टेकला की माणूस थांबतो. थांबला की बोलतो. तुमचा ठराव नक्की कशाविरुद्ध आहे, बाळ?"

नम्रताने ठराव उलटून पाहिला. त्यात कशासाठी असा रकाना नव्हता. तिने लिहिलं, 'नमुना दोन. टेकता येते.'

तिसरा नमुना चिऱ्याचा होता. कोकणातून आणलेला जांभा दगड, तांबडा, भोकाभोकांचा. वर काही नाही. ना उतार, ना भाले. सपाट.

"हा नुसता दिसायला बरा म्हणून ठेवलाय," हितेंद्र म्हणाला. "हा तपासायची पण गरज नाय."

परब त्याच्यावर बसले. दिवसभर ऊन खाल्लेला दगड अजून कोमट होता. जाळीपलीकडे दगडू एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होता. परब एवढंच पाहण्यापुरते बसले आणि ताडकन उठले.

"आई गं!"

"काय झालं?"

"टोचतं! केवढं टोचतं! ह्याच्यावर माणूस बसूच शकत नाही."

हितेंद्र त्यांच्याकडे बघतच राहिला. "काका, मी देवगडचा. आमच्याकडे अख्खा गाव ह्याच्यावरच बसतो."

"बसवत नाही, म्हणून तर सगळे मुंबईला आले."

जाळीमागून दगडूला खोकल्याची मोठी उबळ आली. परबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि जिथे टोचलं होतं तिथे चोळत राहिले. अकरा वर्षांत त्यांनी सोसायटीला एकही खोटा शब्द सांगितला नव्हता. आज सकाळपासूनचे मोजायचे तर तीन झाले होते, आणि सहा वाजायला आले होते.

नम्रताने तिन्ही नमुन्यांवरून नजर फिरवली. मग परबांवरून. मग जाळीखाली दिसणाऱ्या दगडूच्या चपलांवरून, ज्यांतली एक सारखी उचलली जात होती.

"अहवाल लिहून टाकते," ती म्हणाली.

उभ्याने लिहिताना पॅड हलत होतं. सकाळी नऊपासून ती ऑफिसच्या खुर्चीत होती आणि आता तासभर या उन्हात उभी. तिने आजूबाजूला पाहिलं, आणि चिऱ्याच्या भिंतीवर बसली. पॅड मांडीवर नीट ठेवलं. वळणदार अक्षरात, एकेक शब्द उच्चारत तिने लिहिलं, "नमुना तीन. बसण्यास पूर्णपणे अयोग्य. मंजुरीची शिफारस."

हितेंद्रने तोंड उघडलं.

"तुम्हाला काही म्हणायचंय?"

"नाय मॅडम. चिरा सोमवारी मागवतो."

तो गेला तरी ती उठली नाही. सही केली, पेनला टोपण लावलं आणि रस्त्याकडे बघत बसली. परब तिच्या बाजूला टेकले, जरा अंतर ठेवून. दगडूने हिरवी जाळी हाताने वर केली आणि तसाच, वाकून, थांबला. आत यायचं की नाही, हे कुणाला विचारायचं ते त्याला कळेना.

"टोचतं हं, काका," नम्रताने त्याला बजावलं, आणि सरकून जागा केली.