पह्यले तू

"पह्यले तू," धुरपदाबाई म्हणाल्या आणि सुई दिसताच त्यांनी हात पदरात लपवला.

वाल्मिकने कपाळाला हात लावला. "ताई, सांगा ना मायला. चौथी खेप आहे. दर वेळी माझंच रक्त काढतात."

सुषमा सुरतेच्या त्या कॅन्सर हॉस्पिटलात खानदेशी पेशंटांसाठी दुभाषी होती. डॉक्टर गुजराती, पेशंट अहिराणी, मधे ती. बोलणं दोघांचं, बोलणी मात्र तिला. त्यात या म्हातारीने तर तिचं डोकं उठवलं होतं.

"हिला गुजराती अजिबात येत नाही?" तिने वाल्मिकला विचारलं.

"न यायला काय झालं? तीस वर्षं इथल्याच कतारगामात साड्यांचे धागे कापले हिने. भाजीवाल्याशी गुजरातीत भांडते. इथं पाय ठेवला की बहिरी."

"माले काय समजत नही," धुरपदाबाई भिंतीला म्हणाल्या.

वाल्मिकने बाही वर केली. नर्सने तीन नळ्या भरून घेतल्या. आईची पाळी येताच तिने नाही म्हणून मान हलवली.

"आजींचं पुढच्या वेळी बघू," डॉक्टर म्हणाले.

सुषमाला चीड यायची ती याचीच. हाच डॉक्टर बाकीच्यांना दोन मिनिटांत बाहेर काढायचा. या बाईचे मात्र लाड. मागच्या सोमवारी तिने मशीनमध्ये झोपायला नकार दिला, तर पोराला आधी झोपवून अख्खा स्कॅन करून दाखवला. म्हातारी तरीही झोपली नाहीच. बाहेर लोक त्या मशीनच्या तारखेसाठी पाया पडतात आणि इथे हा खेळ.

पहिल्या दिवशी धुरपदाबाईंनी पदराच्या टोकातून मेणाचा एक ठोकळा काढून टेबलावर ठेवला होता. त्यात तपासणीसाठी जपलेला गाठीचा तुकडा. गावी गेल्या होत्या, तेव्हा पाठीवरची काढून घेतली, म्हणे. वाल्मिकला पत्ताच नव्हता.

आज त्या तुकड्याचा रिपोर्ट आला होता. डॉक्टर हिंदीत सांगू लागले, वाल्मिककडे बघत.

"पेशीच्या दारावर ‘वाढ’ असा हुकूम येतो. मग आतलं मशीन चालू होतं. मधे एक प्रोटीन असतं, ॲडॅप्टर. ते स्वतः काही बनवत नाही, काही कापत नाही. एका हाताने याला धरतं, दुसऱ्याने त्याला. बस, एवढंच."

"म्हणजे कापड मार्केटातला दलाल," वाल्मिक म्हणाला. "ना लूम त्याचा, ना दुकान. पण तो नसला तर सौदा नाही."

"बरोबर. या गाठीत दलाल माजलेत. हुकूम नसतानाही सौदे जुळवत बसलेत. दलालाला पकडायला त्याच्या अंगावर जागाच सापडत नाही, म्हणून तो ज्याला उठवतो त्याला बांधायचं. त्याच्या गोळ्या आहेत. आता सुरू केल्या तर वेळ आहे. आणखी दोन महिने काढले, तर मी काही करू शकणार नाही."

सुषमाने तोंड उघडायच्या आतच धुरपदाबाईंचे डोळे भरून आले.

"मी अजून काही सांगितलंच नाही, आजी," ती वैतागून म्हणाली. मग सगळं नीट अहिराणीत सांगितलं. म्हातारी ऐकत नव्हती. ती पोराकडे बघत होती.

डॉक्टरांनी उपचाराच्या संमतीचा कागद पुढे केला. "यावर सही लागेल."

"पह्यले तू."

आता वाल्मिकचा तोल सुटला. "माय, किती भिशील? माझ्या मानेवरची गाठ काढली तेव्हा मी भ्यालो होतो का?" त्याने कॉलर ओढून टाक्यांची खूण दाखवली. "दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी लूमवर उभा होतो. रिपोर्ट आणायलासुद्धा परत गेलो नाही मी. चरबी ती, तिचा काय रिपोर्ट?"

"तुना बाप बी नही गया व्हता," धुरपदाबाई हळूच म्हणाल्या.

"आता मेलेल्या माणसाला मधे कशाला आणतेस? दे इकडे, करतो मी आधी. मग तरी करशील ना?"

त्याने पेन उचललं. डॉक्टरांनी कागद मागे ओढला.

"सही नंतर. आधी खाली जाऊन दोघांच्या आधार कार्डांची झेरॉक्स घेऊन या."

"काल दिली होती की."

"पुन्हा आणा."

वाल्मिक कार्डं घेऊन पुटपुटत गेला. दार बंद झालं. सुषमाने पेन म्हातारीच्या हातात कोंबलं.

"आजी, पोराचा जीव काढताय तुम्ही. त्याचे खाडे होतायत, रक्त चाललंय, आणि तुम्हाला एक सही जड झालीय. करा एकदाची."

धुरपदाबाईंनी पेनाला टोपण लावलं, ते टेबलावर ठेवलं आणि डॉक्टरांना सफाईदार गुजरातीत विचारलं, "त्याच्या तपासण्या झाल्या ना सगळ्या? मग तो वर आला की आता सांगून टाका, गाठ त्याची आहे म्हणून."