तुटणारी जोडाक्षरं

बदलापूरच्या राजसीने वेबसाइटवरच्या लांब बातम्या आपोआप छोट्या करणारा जावास्क्रिप्ट कोड लिहून इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत ठेवला होता. इंग्रजी बातमी नीट कापली जायची, मराठीत मात्र जोडाक्षरं मधूनच तुटायची. महिनाभर डोकं फोडून शेवटी "मराठीला चालत नाही" असं तिने तिथे लिहून टाकलं. एका सकाळी फिनलंडहून कुणा अनोळखी मिक्काने दुरुस्ती पाठवली. राजसीने 'उद्ध्वस्त' घालून पाहिलं, 'कर्तृत्व' घालून पाहिलं. सगळं शाबूत.

"अगं, विचार तर त्याला, मराठी कुठे शिकला," आई म्हणाली.

राजसीने विचारलं. उत्तर आलं, "मला तुमचं एकही अक्षर वाचता येत नाही. कुठलं सोडलं तर चालेल ते कळेना, म्हणून सगळीच तपासली."