दुरुस्त केलेला आकडा

हॉस्पिटलच्या साइटवर तान्ह्या बाळांच्या वेदनाशामक औषधाचा डोस चुकून अर्धा मिलीऐवजी पाच मिली पडला होता. साइट सांभाळणाऱ्या ताईने सर्व्हरवरचा आकडा सुधारला आणि तिथे साठवलेली जुनी उत्तरंही पुसून टाकली. "चार मिनिटांत? जिंकलंस पोरी," साहेब म्हणाले, तशी ताईला पंखच फुटले.

मग तिला एक गोष्ट आठवली. साइट भराभर उघडावी म्हणून गेल्या महिन्यात तिनेच सगळ्यांच्या ब्राउझरना सांगून ठेवलं होतं की एकदा मिळालेलं उत्तर दिवसभर जपून ठेवा, उगाच पुन्हा विचारायला येऊ नका. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये जपलेलं ते जुनं उत्तर काही तिला इथून पुसता येणार नव्हतं. तिने बालविभागात नर्स असलेल्या मावशीला फोन लावला.

"मावशी, त्या वेदनाशामकाचा डोस साइटवर बघून देऊ नकोस."

"का गं, स्वतःच्याच कामावर भरवसा नाही? सकाळी बघितला होता, आत्ता देताना चष्मा लावून परत बघितला. तोच आकडा, पाच मिली." मावशीने आवाज खाली आणला. "आणि हळू बोल बाई. सकाळपासून किंचाळत होतं लेकरू, आता कसं गाढ झोपलंय."