नवसाची दहावी ओळ

"ओळ द्या, मामा," नेरेइदा म्हणाली आणि तिने माइक हातात घेतला.

माइकची खरं तर गरज नव्हती. ओरोकोविसच्या डोंगरातलं ते अंगण एवढंसं. सहा जानेवारीला, नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाला, शेजारीपाजारी कितीही दाटीने बसले तरी साधा गळा शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. पण तिचा मॅनेजर रँडल मायामीहून स्पीकर घेऊन आला होता, आणि आणलेली वस्तू वापरलीच पाहिजे, असा त्या माणसाचा स्वभाव.

यंदा गर्दीही जास्त होती. जो तो नेरेइदाचा बालमित्र निघाला होता. एवढे बालमित्र मावतील एवढी बाकंच गावच्या शाळेत कधी नव्हती.

टेबलावर लाकडाचे तीन राजे उभे होते, वीतवीतभर उंचीचे. शेजारी खुर्चीत तिची आई, दोन्या प्रोविदेन्सिया, धापा टाकत बसली होती.

"घे एकदाचं अंगावर," ती लेकीला म्हणाली. "लहानपणी तुझा आवाज गेला, तेव्हा बोललेला नवस. आवाज आला. मी दरवर्षी यांच्यापुढे गाऊन फेडत आले. आता माझ्या छातीचा भाता फाटलाय. तू घेतलास, की मी मरायला मोकळी."

"आई, सणासुदीचं काय बोलतेस!"

"मग कधी बोलू? सणालासुद्धा कधीमधीच येतेस."

नवस हातात देऊन भागत नाही. ज्याच्यासाठी बोलला, त्यानेच तो घ्यायचा. आणि घेताना राजांसमोर दहा ओळी जागच्या जागी रचून गायच्या. दहावी ओळ दुसऱ्याने दिलेली, तिच्यापर्यंत यमक सांभाळत पोचायचं. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. या डोंगरात खाटीकसुद्धा डुक्कर भाजता भाजता एवढं करतो. मग जिचं इंग्रजी गाणं अर्ध्या जगात वाजतं, तिला दहा ओळींचं काय जड, असा लोकांचा हिशेब होता.

सेसिलियोमामाने क्वात्रोच्या तारा जुळवल्या आणि ओळ दिली: "घसा माझा, सूर त्यांचे."

नेरेइदाने डोळे मिटले.

"डोंगर सोडून गेले,
दूरच्या मोठ्या शहरी;
गायले परक्या दारी,
परक्या दिव्यांत न्हाले..."

"वाह!" खाटीक ओरडला. दोन्या प्रोविदेन्सियाची धाप जराशी थांबली.

चार ओळींनंतर वाद्याची धून येते, तेवढाच गाणाऱ्याला श्वास. धून संपली. नेरेइदाने तोंड उघडलं, मिटलं. मामाने धून पुन्हा फिरवली. चांगला वाजवणारा एकदा फिरवतो. दुसऱ्यांदा फिरवली की अंगणात लोक एकमेकांकडे बघू लागतात. त्याने तिसऱ्यांदाही फिरवली, भाचीच होती म्हणून.

आणि मग नेरेइदाचा हात आपसूक उठला. गळ्याला विसावा हवा असला, शब्द सुटला, की रोज रात्री परमुलखातल्या हजारो माणसांपुढे ती जे करायची तेच तिने केलं: माइक लोकांकडे धरला.

लोकांना एवढंच हवं होतं. अख्खं अंगण तिचं गाजलेलं इंग्रजी गाणं म्हणू लागलं. खाटीक सगळ्यांत मोठ्याने. त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण अडखळला कुठेच नाही.

"गप्प बसा!" नेरेइदा ओरडली. "अरे, मध्ये म्हणायचं नसतं!"

तोही कार्यक्रमाचाच भाग असावा असं समजून त्यांनी टाळ्या धरल्या. मोबाइल वर झाले. क्वात्रो थांबला होता, ते कुणाच्या कानावरही आलं नाही.

"झकास!" रँडल तिच्या कानाशी म्हणाला. "गाव, राजे, लोक, तुझं गाणं. असं ठरवूनसुद्धा मिळत नाही."

तिने माइक त्याच्या छातीवर दाबला. तो हसतच होता.

"मामा, दुसरी ओळ द्या. मी पहिल्यापासून म्हणते."

"राजांच्या दारात रीटेक नसतो, बाई."

"ओळी आहेत माझ्याकडे! पोटात आहेत. तिकडे पाच जण लिहून देतात हो मला, पाच जण. तोंडाशी येईपर्यंत त्यांचंच काहीतरी पुढे होतं."

मामाने क्वात्रो मांडीवर पालथा घातला.

"सरळ धर तो," दोन्या प्रोविदेन्सिया म्हणाली. टेबलाचा आधार घेत ती उभी राहिली होती. "अर्धवट सोडलेलं गाणं यांना चालत नाही."

उरलेल्या सहा ओळी तिने म्हटल्या. दर ओळीला दम तुटायचा आणि मामा तिच्यासाठी ताल धरून थांबायचा. आवाज खरवडल्यासारखा, यमक एकही सुटलं नाही. "घसा माझा, सूर त्यांचे" इथे पोचली तेव्हा अंगणात मोबाइल खाली आले होते. टाळ्या मात्र कुणी वाजवल्या नाहीत. नवसाला वाजवत नाहीत.

नेरेइदाने राजांकडे हात केले. म्हातारीने आधीच तिन्ही उचलून, खुर्चीत बसून मांडीवर घेतले होते.

"असू दे," ती म्हणाली. "सेसिलियो, पुढच्या खेपेला हिला सोपी ओळ दे. पोर कामात असते."

मग झग्याच्या टोकाने मधल्या राजाच्या तोंडावरची धूळ पुसत ती त्यालाच म्हणाली, "ऐकलंत ना? यंदाही मरायची सोय नाही."