पिवळं पान

“खाली काय बी उरलं नाय, नाना,” सांडू मिस्त्री म्हणाला. “डांबराखाली पाणी धरलं अन् पत्रा सडला. तेवढा तुकडा कापून नवा घालावा लागला.”

नानासाहेब बोनेटकडे बघत राहिले. जुन्या लाल पत्र्यात मधोमध हातभर चौकोन, कोरा, चकचकीत. इंजिनाच्या रिंगा मिळाल्या का हे विचारायला ते गंगापूरहून एसटीने आले होते. ते विचारायचं राहूनच गेलं.

हा छोटा ट्रॅक्टर त्यांनी मोसंबीच्या बागेसाठी घेतला होता. दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर जात नसे. हा फांदीला धक्का न लावता जायचा. पुढे बाग वाळली, ट्रॅक्टर गोठ्यात गेला आणि कोंबड्या त्याच्या सीटवर अंडी घालू लागल्या. तो पुन्हा चालू करायचा हट्ट नानासाहेबांच्या बायकोचा, सारजाबाईंचा. गेल्या पौषात अंथरुणावरून त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. ट्रॅक्टर दुरुस्त करा, आणि शहरातल्या मुकुंदवाडीच्या सांडू मिस्त्रीकडूनच करा. उभ्या जन्मात चार वेळा शहरात आलेल्या बाईला मिस्त्रीचं नावगाव ठाऊक, याचं नानासाहेबांना कौतुकच वाटलं. चार दिवसांनी सारजाबाई गेल्या. मग नानासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं ऐकलं.

“चित्र होतं का त्याच्यावर?” सांडूने विचारलं.

“मोसंबी होती. देठाला दोन पानं. माझ्या लेकीनं काढली होती, सरूनं.”

“अन् डांबर?”

“ते म्या फासलं.”

सांडू फडक्याने पाना पुसत राहिला. पान्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

“लेक कुठं असती आता?”

“तिच्या नावानं आंघोळ करून सोळा वर्सं झाली,” नानासाहेब म्हणाले. “लई याद येते रे. आमची मंडळी रोज गोठ्यात जाऊन त्या डांबरावर हात फिरवायची. मला वाटायचं, येडी हाय. ती गेली, अन् आता मीच फिरवतो. म्हनलं, रॉकेलनं हळूहळू पुसून काढीन, खाली चित्र असंल. तेवढंच पायजे होतं मला. ट्रॅक्टर घेऊन मी कुठं नांगरायला जाणार हाय आता?”

सांडू गॅरेजला लागून असलेल्या घरात गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातात रिकामी वाटी. नानासाहेबांनी चहा वाटीत ओतला आणि नेहमीसारखा फुरके मारत प्याला. चहा गुळाचा होता. त्यांना जरा बरं वाटलं.

“माझ्याकडं एक पेंटर हाय,” सांडू म्हणाला. “तसंच चित्र काढून देईल.”

“तिच्यासारखं नाय व्हायचं.”

“बघू तर. नाय जमलं तर पुसून टाकू.”

नानासाहेबांनी मान हलवली. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही. सरूच्या मोसंबीचं एक पान हिरवं होतं आणि दुसरं पिवळं. तेव्हा ती बारा वर्षांची. हिरवा रंग संपला म्हणाली आणि पिवळ्यावर भागवलं. ‘तुझ्या झाडाला रोग पडलाय’ म्हणून त्यांनी तिला महिनाभर चिडवलं होतं, आणि ती दर वेळी हसायची. ही गोष्ट ते मिस्त्रीला काय सांगणार, आणि मिस्त्री पेंटरला काय सांगणार? पेंटर दोन्ही पानं हिरवी काढेल, झालं.

पुढच्या गुरुवारी ते पुन्हा आले. बोनेटवर गोणपाट टाकलेलं होतं.

“आधी इंजिन ऐका,” म्हणत सांडूने चावी फिरवली. ट्रॅक्टर दोनदा खोकला, मग काळा धूर सोडून धडधडू लागला. नानासाहेबांनी डोळे मिटले. मडगार्डवर बसून सरू ओरडायची, ‘नाना, फांदी!’ आणि ते स्टेअरिंगवर डोकं खाली घालायचे. आताही त्यांची मान नकळत खाली झाली.

सांडूने इंजिन बंद केलं आणि गोणपाट उचललं.

मोसंबी होती. देठ जरा वाकडा. एक पान हिरवं.

दुसरं पिवळं.

नानासाहेबांनी त्या पानावर बोट टेकवलं. रंग ओला होता, बोटाला लागला. खाली चाकाजवळ रंगाचे दोन डबे उघडे होते. पिवळा तळाशी गेलेला, हिरवा काठोकाठ भरलेला.

“मिस्त्री,” ते म्हणाले. “हिरवा तर हाय की अजून.”

सांडूने मान वळवली. तो घराच्या दाराकडे बघत होता. नानासाहेब वळले. उंबऱ्यात एक बाई उभी होती, तिची बोटं पिवळी झालेली. सोळा वर्षांपूर्वी ती न विचारता लग्न करून गेली, त्या दिवशी त्यांनी जावयाचं नावसुद्धा कानावर पडू दिलं नव्हतं. गार पाण्याचा हंडा डोक्यावर ओतून घेतला होता आणि आमची लेक मेली म्हणून गावाला सांगितलं होतं.

“तवा बी संपला नव्हता, नाना,” सरू म्हणाली. “मला पिवळंच काढायचं होतं. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हनला असता.”